गृहस्थाचे शस्त्र आणि गृहस्थाचे अभय

ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी या तिघांचे पोषण गृहस्थाच्या घरून होते. म्हणून गृहस्थाश्रम हा इतर आश्रमांचा आधार मानिला गेला आहे. परंतु जो आधार असतो त्याच्यावर केवळ पोषणाचा नव्हे, तर रक्षणाचाही भार येतो. ज्याच्या छपराखाली वृद्ध माता-पिता, पत्नी, मुले आणि दारी आलेला अतिथी विश्वासाने झोपी जातात, त्याने त्यांचा तो विश्वास कसा राखावा ? कडीकोयंडा, दिवा, शेजार आणि राज्याचा दंड यांवर विसंबून राहावे, की घरात शस्त्रही ठेवावे ? आणि ठेवावयाचे तर कोणते ? हा शेवटचा प्रश्न वरवर पाहता दुकानातील निवडीचा वाटतो. वस्तुतः तोही धर्माचाच प्रश्न आहे, आणि आधीच्या प्रश्नांचा निकाल लावल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही.

मामांचा प्रश्न

एक परिस्थिती कल्पावी. शहराच्या कडेला नव्या वसाहतीत राहणारे एक सद्गृहस्थ आहेत. घरात वृद्ध वडील, पत्नी आणि महाविद्यालयात जाणारा मुलगा. शेजारच्या बंगल्यात एका रात्री घरफोडी होते आणि त्या दिवसापासून या गृहस्थांची झोप उडते. पिस्तुलाचा परवाना काढण्याचे ते मनात घेतात. कोणत्या बोअरची गोळी किती जोराने लागते, कोणती माणसाला जागीच थोपविते, कोणती सुटीच्या दिवशी नेमबाजीच्या सरावालाही स्वस्त पडेल, याचा अभ्यास ते रात्र रात्र करू लागतात. अशात त्यांचे मामा घरी येतात. मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. भाचा विचारतो, “मामा, बत्तीस बोअर पुरेल का हो ? की त्याहून मोठं काही मिळवायचा प्रयत्न करू ?”

मामा म्हणतात, “पुरेल की नाही ते मग पाहू. आधी एवढं सांग, रात्री दोन वाजता जिन्यावर पाऊल वाजलं, तर तू काय करशील ?”

“आवाजाच्या रोखानं पिस्तूल धरीन.”

“आणि चिरंजीव रात्री किती वाजता घरी येतात ?”

भाच्याला उत्तर देववत नाही. मामांच्या या एका प्रश्नाने बोअरचा प्रश्न पहिल्या स्थानावरून बराच खाली उतरतो. तो निरर्थक ठरतो असे नाही; पण त्याच्या आधी कोणते प्रश्न उभे आहेत, हे दिसू लागते.

शंभर वर्षांचा वाद

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास. इंग्रजी पद्धतीत तो इंचाच्या शतांशांत सांगतात. .२२ म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर, .३२ म्हणजे पावणेआठच्या आसपास, आणि .४५ म्हणजे साडेअकराच्या जवळ. कोणता व्यास श्रेष्ठ हा वाद जेथे सर्वांत अधिक रंगला तो देश अमेरिका होय. तेथे २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने, घरात आत्मरक्षणासाठी पिस्तूल बाळगणे हा नागरिकाचा वैयक्तिक हक्क आहे, असा निर्णय दिला. त्यामुळे तेथील लक्षावधी कुटुंबांत हा प्रश्न स्वयंपाकघरातील भांड्यांच्या निवडीइतका नित्याचा झाला आहे.

त्या वादाचा इतिहास बोधप्रद आहे. फिलिपाइन्स बेटांतील लढायांत अमेरिकी सैन्याची .३८ बोअरची रिव्हॉल्व्हरे चाल करून येणाऱ्या योद्ध्यांना थोपविण्यास अपुरी पडतात, अशी तक्रार झाली. म्हणून १९०४ साली शिकागोच्या कत्तलखान्यातील जनावरांवर निरनिराळ्या गोळ्यांची परीक्षा घेण्यात आली. त्या मुक्या प्राण्यांच्या यातनांतून निष्कर्ष निघाला की गोळी .४५ पेक्षा लहान असू नये. पुढे १९११ साली जॉन ब्राउनिंग यांनी रचिलेले .४५ चे पिस्तूल सैन्याने स्वीकारले आणि मोठी गोळी म्हणजे खरे संरक्षण ही समजूत दोन पिढ्यांच्या मनात घर करून बसली. तथापि १९८५ साली त्याच सैन्याने ९ मिलिमीटरचे पिस्तूल पत्करले. १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामी येथे दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचे दोन अधिकारी मारले गेले. ९ मिलिमीटरची एक गोळी दरोडेखोराच्या हृदयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच थांबली होती. लगेच मोठ्या गोळीची मागणी झाली. १० मिलिमीटरचे पिस्तूल आले; पण त्याचा धक्का पुष्कळ अधिकाऱ्यांना झेपेना. म्हणून १९९० साली .४० ची मधली गोळी निघाली. आणि सुमारे पंचवीस वर्षांनी तीच संस्था पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली. एक कारण असे की गोळ्यांच्या घडणीत सुधारणा झाली होती. दुसरे असे की प्रत्यक्ष चकमकीत झाडलेल्या बहुतेक गोळ्या हुकतात, आणि कमी धक्क्याच्या शस्त्राने माणसाचा नेम अधिक चांगला साधतो.

आकडेही हेच सांगतात. ९ मिलिमीटरची गोळी सुमारे आठ ग्रॅमची, .४५ ची सुमारे पंधरा ग्रॅमची. परंतु पहिलीचा वेग अधिक असल्यामुळे दोहोंची ऊर्जा जवळजवळ सारखी, पाचशे ज्यूलच्या आसपास भरते. आणि पिस्तुलाच्या गोळीने माणूस दूर फेकला जातो हा तर केवळ चित्रपटांनी पसरविलेला भ्रम आहे. गोळी समोरच्याला जेवढा धक्का देते, तेवढाच झाडणाऱ्याच्या हातालाही बसत असतो. सारांश, शंभर वर्षे नळीचा व्यास मोजून झाल्यावर शस्त्रविद्येतील जाणत्यांनी जे म्हटले ते असे : प्रश्न गोळी किती मोठी हा नसून ती धरणारा हात कसा, हा आहे. शस्त्रशास्त्र येथपर्यंत येऊन थांबते. हाताच्या मागे मन असते, आणि मनाचा विचार करणारे शास्त्र वेगळे आहे.

चार कसोट्या

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगताना तामस कर्माचे लक्षण दिले आहे. परिणाम, हानी, दुसऱ्यांना होणारी पीडा आणि स्वतःचे सामर्थ्य या चारांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस, असा त्याचा आशय आहे. शस्त्र घरात आणणे हे एक कर्मच आहे. तेव्हा ज्या गृहस्थास आपले हे कर्म तामस होऊ नये असे वाटते, त्याने या चार कसोट्या लावून पाहाव्यात. त्यांचा क्रम मात्र व्यवहाराच्या सोयीसाठी उलटा घेणे बरे.

पहिली कसोटी सामर्थ्याची. शस्त्र चालविण्याचे सामर्थ्य म्हणजे चाप ओढण्याचे बळ नव्हे. ते बालकातही असते. खरे सामर्थ्य आवरण्याचे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात याचे मोठे मार्मिक चित्र आहे. रात्री झोपलेल्या वीरांचा संहार करून पळालेला अश्वत्थामा भीमाला समोर पाहून भयभीत होतो आणि गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्राची योजना करतो. अर्जुनही त्याच्या निवारणार्थ तेच अस्त्र सोडतो. दोन्ही अस्त्रांच्या मध्ये व्यास आणि नारद उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो; अश्वत्थाम्याला ते साधत नाही. अस्त्र तेच, गुरू तोच, मंत्रही तोच. एकाने ते संयमाने मिळविले होते, दुसऱ्याने पित्याकडे हट्ट करून. आणि मागे घेता न आलेले ते अस्त्र शेवटी कोठे पडले ? ज्याने कोणाचेही काही वाकडे केले नव्हते अशा उत्तरेच्या उदरातील गर्भावर. हातातून सुटलेले शस्त्र शत्रूपाशीच थांबेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

बोअरच्या निवडीतील पहिला नियम येथेच सापडतो. जे शस्त्र आपल्या हाताला, आपल्या वयाला आणि आपल्या सरावाला पूर्णपणे आवरते, तेच आपले. धक्क्याने ज्याचे मनगट उडते आणि आवाजाने ज्याचे डोळे मिटतात, त्याच्यासाठी मोठा बोअर हे बळ नसून ओझे आहे. आणि ज्याला वर्षातून दोन वेळाही सरावाला जाणे जमणार नाही, त्याच्यासाठी कोणताच बोअर योग्य नाही.

दुसरी कसोटी पीडेची, म्हणजे हिंसेची. मामांनी भाच्याला विचारलेला प्रश्न हाच होता, आणि तो रामायणाइतका जुना आहे. तरुणपणी दशरथाला शब्दवेधी नेमाचा अभिमान होता. शरयूच्या तीरावर अंधारात पाण्याचा आवाज आला, हत्ती पाणी पीत असावा असे समजून त्याने आवाजाच्या रोखाने बाण सोडला, आणि अंध माता-पित्यांसाठी घडा भरणारा एक तापसकुमार कोसळला. दशरथाचा नेम चुकला नव्हता. बाण जेथे सोडला तेथेच लागला. चूक होती ती न पाहता सोडण्याची. त्या एका चुकीचे फळ त्याला वृद्धपणी पुत्रवियोगाच्या रूपाने भोगावे लागले. आज रात्री उठून जिन्यावरील आवाजाकडे पिस्तूल रोखणारा प्रत्येक गृहस्थ क्षणभर त्या शरयूच्या तीरावर उभा असतो. जिन्यावर चोर असेल; पण उशिरा परतलेला मुलगाही असेल, पाणी प्यावयास उठलेले वडील असतील, किंवा तापाने बेचैन झालेला पाहुणा असेल. म्हणून घरातील शस्त्राच्या आधी घरातील दिवा आला पाहिजे. ज्याला ओळखले नाही त्याच्यावर शस्त्र चालविणे हे रक्षण नव्हे.

ओळखून झाडलेल्या गोळीलाही पुढचा मार्ग असतो. अमेरिकेतील घरांत खोल्यांमधल्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून केलेल्या असतात. पिस्तुलाची गोळी त्या सहज भेदून पलीकडच्या खोलीत जाते. आपल्याकडील विटांची भिंत तिला बहुधा अडविते. पण लाकडी दार आणि खिडकीची काच अडवीत नाही, आणि सिमेंटच्या कठीण पृष्ठभागावरून तिरपी लागलेली गोळी उसळून कोठे जाईल, याचा नेम नाही. म्हणजे घरासाठी बोअर निवडताना आपल्या शत्रूचे शरीर डोळ्यांपुढे आणण्याआधी आपल्या शेजाऱ्याचे पाळण्यातले मूल डोळ्यांपुढे आणावयास हवे. जेवढ्याने काम भागते त्याहून अधिक संहारक साधन घरात आणणे ही हौस आहे, आणि त्या हौशीची किंमत दुसऱ्याने मोजावी असे कोणत्याही धर्मात बसत नाही.

तिसरी कसोटी हानीची. शस्त्र घरात येते ते चोरासाठी. पण चोर वर्षानुवर्षे येत नाही आणि शस्त्र मात्र रोज घरात राहते. ते कुतूहल असणाऱ्या मुलाच्या, संतापलेल्या भावाच्या आणि निराश झालेल्या मनाच्याही हाताशी असते. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने झालेल्या मृत्यूंपैकी अर्ध्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. घराबाहेरच्या शत्रूसाठी आणलेल्या शस्त्राने घरातल्याच माणसाचा घात व्हावा, याहून मोठी हानी कोणती ? निराशेचा झटका पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो. पण त्या थोड्या वेळात भरलेले पिस्तूल हाती लागले, तर माघारी फिरण्याची वाट उरत नाही. ज्या घरात कोणाचे मन दीर्घकाळ उदास आहे, जेथे मद्य आहे किंवा जेथे रोजचा कलह आहे, त्या घरात शस्त्र न आणणे हेच रक्षण होय. उदास माणसाला जवळच्यांच्या सोबतीची आणि वैद्याच्या उपचाराची गरज असते. ती पुरविणे हेही गृहस्थाचे रक्षणकर्तव्यच आहे.

शस्त्र कसे ठेवावे याचा धडा पांडवांनी घालून दिला आहे. अज्ञातवासाला निघताना त्यांनी आपली शस्त्रे विराटनगराच्या स्मशानाजवळील शमीवृक्षावर बांधून ठेविली, आणि कोणी जवळ जाऊ नये म्हणून तेथे प्रेत टांगल्याचा देखावा केला. वर्षभर त्यांपैकी कोणीही शस्त्राला हात लावला नाही, द्रौपदीच्या अपमानाच्या प्रसंगीही नाही. विजयादशमीला आपण शमीचे आणि शस्त्रांचे पूजन करतो. पण त्या पूजेतील हा अर्थ मनात घेतो काय? आजच्या गृहस्थाची शमी म्हणजे कुलपाची तिजोरी, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाजवळ. उशाखाली भरलेले पिस्तूल घेऊन झोपणाऱ्यास झोप आणि पिस्तूल या दोहोंचाही अर्थ कळलेला नाही.

चौथी कसोटी परिणामांची. भारतात शस्त्र बाळगणे हा हक्क नसून परवान्याने मिळणारी अनुज्ञा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने बोअरचा प्रश्न पुष्कळसा आधीच सोडवून ठेविला आहे. सैन्य आणि पोलीस वापरतात ती ९ मिलिमीटरची, .३८ आणि .४५५ ची पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. केंद्र सरकारच्या विशेष अनुज्ञेवाचून ती मिळत नाहीत. सामान्य नागरिकाच्या वाट्यास मुख्यतः .३२ आणि .२२ येतात. .२२ च्या गोळीची ऊर्जा सुमारे एकशे तीस-चाळीस ज्यूल, .३२ रिव्हॉल्व्हरची दीडशे ते पावणेदोनशेच्या आसपास. पाचशे ज्यूलच्या शस्त्रांचा मोह धरणाऱ्यास हे उणे वाटेल, पण घराच्या चार भिंतींत ते उणे नाही. २०१६ च्या नियमांनी अर्जदारास शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाने बाळगावयाच्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणिली.

शस्त्र केव्हा चालवावे याविषयीही कायदा स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी रक्षणाच्या हक्काची कलमे ३४ पासून ४४ पर्यंत आहेत. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध, किंवा जबरी चोरी करणाऱ्याविरुद्ध, हा हक्क त्याचा प्राण जाण्यापर्यंतही पोहोचू शकतो. परंतु त्याला दोन मर्यादा आहेत : रक्षणासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी संरक्षण मागण्यास अवधी असेल तेव्हा हा हक्क उरत नाही. पाठ दाखवून पळणाऱ्या चोराच्या मागे घातलेली गोळी रक्षणाची नव्हे, सूडाची असते. कायदा आणि धर्म या दोघांनाही हा भेद कळतो.

आणि योग्य रीतीने चाललेल्या शस्त्राचेही उत्तरदायित्व असते. आदिपर्वात अर्जुनाची कथा आहे. चोरांनी एका ब्राह्मणाच्या गाई पळविल्या. तो आक्रोश करीत इंद्रप्रस्थात आला. अर्जुनाची शस्त्रे मात्र युधिष्ठिर आणि द्रौपदी एकांतात बसली होती त्या दालनात होती, आणि अशा वेळी आत जाणाऱ्याने बारा वर्षे वनवास पत्करावा असा भावांचा ठराव होता. अर्जुन आत गेला, शस्त्र घेतले, गाई सोडवून आणिल्या, आणि परत येऊन स्वतः होऊन वनवास मागितला. युधिष्ठिराने दोष नाही म्हणून समजाविले. तरी तो थांबला नाही. रक्षणाचे कर्तव्य त्याने टाळले नाही आणि परिणामही टाळला नाही. ज्याच्या अंगी हे बळ आहे, जो शस्त्र चालविल्यावर स्वतः पोलिसांना बोलावील, जखमी चोरालाही रुग्णालयात पोहोचवील आणि न्यायाधीशापुढे खरे तेच सांगेल, त्यालाच शस्त्र उचलण्याचा अधिकार आहे.

मनोरंजनाचे शस्त्र

काही गृहस्थ रक्षणाइतकेच छंदासाठीही शस्त्र घेतात. हा छंद निंद्य आहे काय ? शस्त्राचा छंद दोन दिशांनी जातो. लग्नाच्या वरातीत आकाशात गोळ्या झाडणे हा एक प्रकार. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि तिच्याखाली कोणाचे तरी मूल असू शकते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा जल्लोषी गोळीबाराने जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली आहे. हा छंद नव्हे, उन्माद आहे.

दुसरा प्रकार नेमबाजीचा. ऑलिम्पिकमधील दहा मीटरच्या पिस्तूल स्पर्धेत साडेचार मिलिमीटरची लहानशी गोळी केवळ दाबलेल्या हवेने सुटते. तिची ऊर्जा पाच-सहा ज्यूलच. पण तिने ज्या लक्ष्याचा मध्य साधावयाचा त्याचा व्यास अवघा साडेअकरा मिलिमीटर असतो. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत .२२ चे पिस्तूल वापरतात. म्हणजे जगातील श्रेष्ठ पिस्तूलबाज सर्वांत लहान गोळ्याच वापरतात, ही गोष्ट बोअरच्या मोहात पडलेल्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०२१ साली टोकियो येथे मनु भाकर हिच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला आणि तिची संधी हुकली. २०२४ साली पॅरिस येथे तिने याच हवेच्या पिस्तुलाने एक वैयक्तिक आणि सरबजोत सिंग याच्याबरोबर एक सांघिक, अशी दोन कांस्यपदके मिळविली. पहिल्या पदकानंतर तिने सांगितले की फळाचा विचार सोडून कर्मावर चित्त ठेवावे हा गीतेतील उपदेश त्या वेळी तिच्या मनात होता. श्वास रोखून, हात स्थिर ठेवून, मागच्या नेमाचा हर्षविषाद न धरता पुढचा नेम धरणे, यात चित्ताच्या एकाग्रतेचा अभ्यास आहे. जेथे समोर केवळ कागद आहे आणि जिंकावयाचे ते आपल्याच हाताच्या कंपाला, तो छंद गृहस्थाला अशोभनीय नाही.

एक शंका

कोणी म्हणेल, एवढ्या अटी घालणे म्हणजे गृहस्थाला दुबळे करणे नव्हे काय ? दरोडेखोर चार कसोट्या लावून येत नाही. शंका योग्य आहे, आणि तिला उत्तर दिले पाहिजे. आश्रितांवर घाला पडत असता अहिंसेचे नाव घेऊन हात बांधून बसणे हे धर्माचरण नव्हे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाने धनुष्य खाली ठेविले ते अहिंसेने नव्हे, मोहाने. म्हणूनच त्याला ते पुन्हा उचलावयास सांगितले गेले. पण कसे उचलावयास सांगितले ? आशा आणि ममत्व टाकून, मनाचा ज्वर उतरल्यावर. द्वेषाने किंवा भीतीने नव्हे. शेतावर दूर एकटे राहणारे कुटुंब, ज्याला प्रत्यक्ष धमकी मिळाली आहे असा माणूस, रात्री-अपरात्री रोकड वाहून नेणारा व्यापारी, यांच्या बाबतीत शस्त्र हे कर्तव्याचे अंग होऊ शकते. त्यांनी ते घ्यावे. पण ज्वर उतरल्यावर घ्यावे. अटी दुबळेपणासाठी नाहीत. घाबरलेल्या हातातील शस्त्र हेच खरे दुबळे असते, कारण ते नेमके हव्या त्या क्षणी धन्याचे ऐकत नाही.

लोखंडाचे नाव आणि मनाचा गुण

२०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यात स्त्रियांच्या संरक्षणार्थ म्हणून .३२ बोअरचे सुमारे अर्ध्या किलोचे एक हलके रिव्हॉल्व्हर निघाले. त्याचे नाव ‘निर्भीक’. नाव सुंदर आहे. पण निर्भीकता हा लोखंडाचा गुण नव्हे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना होते, तेव्हा सर्वांच्या आधी येते ते अभय. अहिंसा त्याच्यामागून येते. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. जो भ्याला आहे तो अहिंसक होऊच शकत नाही; त्याच्या हाती शस्त्र असो वा नसो, त्याच्या मनात हिंसा चालूच असते. आणि बाराव्या अध्यायात भक्ताचे लक्षण सांगताना अभयाची दुसरी बाजूही दाखविली आहे : ज्याला जगाची भीती वाटत नाही, आणि ज्याची जगाला भीती वाटत नाही. गृहस्थाला या दोन्ही बाजू सांभाळावयाच्या असतात. त्याच्या शस्त्राची भीती चोराला वाटली तर वाटो. पण ती त्याच्या पत्नीला, मुलाला आणि शेजाऱ्याला वाटू लागली, तर त्याने घरात अभय आणिले नाही, भयाचीच स्थापना केली.

आता त्या कल्पिलेल्या सद्गृहस्थांकडे परत वळावे. मामांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना त्या रात्री देता आले नाही. पण दुसऱ्या दिवशी ते उठून जिन्यावर दिवा बसवितात. दाराला चांगले कुलूप आणि आतून अडसर येतो. आजूबाजूची चार घरे एकत्र बसून ठरवितात की कोणाच्याही दारी रात्री गडबड झाली तर सर्वांनी दिवे लावून बाहेर यावयाचे आणि एकाने तात्काळ ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावयाचे. मुलगा उशिरा येणार असेल तर फोन करील आणि दारातून हाक मारील, असा घरात नियम होतो. मामा भाच्याला सांगतात, “वर्षभर हवेच्या पिस्तुलाचा सराव कर. मुलालाही बरोबर ने. हात आणि मन दोन्ही स्थिरावली, आणि तरीही गरज वाटली, तर अर्ज कर. बत्तीस बोअर पुष्कळ झालं. गरज वाटली नाही, तर त्याहून चांगलं.”

वर्षाअखेरीस हे गृहस्थ अर्ज करतील की नाही, हा त्यांच्या परिस्थितीचा आणि सद्सद्विवेकाचा प्रश्न आहे; दोन्ही उत्तरे धर्माला धरून असू शकतात. फरक एवढाच की पहिल्या दिवशी ते शस्त्र निवडीत होते ते भयाच्या सांगण्यावरून, आणि वर्षानंतर निवडतील ते कर्तव्याच्या. त्यांना झोप येऊ लागली आहे, वडील निश्चिंत आहेत, आणि रात्री जिन्यावर पाऊल वाजले की घरातून प्रथम हाक येते, “कोण ? बाळ, तू आलास का ?” ज्या घरात पहिली हाक ही आहे, त्या घरात पुढे शस्त्र असले तरी ते धर्माच्या हाती असेल, आणि नसले तरी ते घर अरक्षित नसेल.